आमची वाटचाल : तपासलेली शेळी

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमची 5 एकर जमीन. कापसाने लागोपाठ दोन वर्षं दगा दिला, तेव्हा 2014 साली 20 शेळ्या आणि 1 बोकड घेऊन आम्ही दोघा भावांनी शेळीपालन सुरू केलं. पैदाशीच्या पाठी, म्हणजे तरुण माद्या, आणि बोकड विकायचे, एवढंच ठरलेलं. दोंडाईचा, शिरपूर, नवापूरकडून गिऱ्हाईक येऊ लागलं आणि कळप 60 च्या पुढे गेला.

2017 च्या दिवाळीआधी, वाढायच्या घाईत, बाजारातून 14 गाभण शेळ्या आणल्या. गाभण शेळी म्हणजे एका पैशात दोन, असा तेव्हाचा आमचा हिशोब. कुठल्या कळपातल्या, आधी कधी गाभडल्या का, काही विचारलं नाही. त्याच दिवशी जुन्या शेळ्यांच्या गव्हाणीला बांधल्या.

दीड महिन्यात 5 शेळ्या गाभडल्या. सगळ्यांचा चौथा महिना उलटलेला. करडू अंगावर केस आलेलं, पण मेलेलं. दोघींची जार अडकली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं चाऱ्यात काही आलं. आम्ही ती करडं आणि जार उकिरड्यावर टाकली. कुत्र्यांनी ती शेतभर ओढत नेली. आज लिहितानाही जिवाला लागतं. तो ब्रुसेलोसिस होता, हे पुढे कळलं. या रोगाचे जंतू सर्वांत जास्त असतात ते जारेत, गर्भजलात आणि पडलेल्या गाभात. ओल्या सावलीत ते महिनोन् महिने टिकतात. आम्ही तेच रानभर पसरवलं.

कळपातल्या शेळ्यांचं बाळंतपण आमची आई करायची. उघड्या हाताने जार सोडवायची, पदराने करडाचं तोंड पुसायची. संक्रांतीनंतर तिला ताप येऊ लागला. सकाळी बरी असायची; दिवस कलला की थंडी वाजायची आणि रात्री घामाने लुगडं चिंब व्हायचं. कंबर इतकी धरली की ओट्यावरून उठवेना. टायफॉइड म्हणून, मग मलेरिया म्हणून दोन महिने औषधं झाली. शेवटी धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "आजी, घरी शेळ्या आहेत का? त्यांचं बाळंतपण कोण करतं?" रक्त तपासलं. ब्रुसेलोसिस निघाला. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, पूर्ण 6 आठवडे. एकही दिवस चुकू दिला नाही.

याच आजाराला माल्टा ताप म्हणतात. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 साली माल्टा बेटावर त्याचे जंतू शोधले. तो शेळीच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो, हे माल्टाचेच डॉक्टर झॅमिट यांच्या कामातून 1905 साली पुढे आलं. शंभर वर्षांपूर्वीची ही माहिती आमच्या गोठ्यात पोचायला आईला अंथरूण धरावं लागलं. आमची पोरं तेव्हा रोज धारोष्ण दूध पीत होती. त्या दिवसापासून घरात उकळल्याशिवाय दूध नाही.

मग सगळ्या कळपाचं रक्त घेतलं. 'रोज बेंगाल' नावाची ही तपासणी मी तिथेच उभा राहून पाहिली. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा (रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पाण्याचा) एक थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब. काडीने मिसळायचे आणि 4 मिनिटं फरशी हलवत राहायची. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर बरं, दह्यासारखा फाटला तर लागण. 11 थेंब फाटले. त्यात आमचा पैदाशीचा बोकडही होता. त्याचं एका बाजूचं अंड सुजलं होतं, ते आम्ही मुका मार समजलो होतो.

एक व्यापारी त्या अकराही घ्यायला तयार होता. पैशांची गरज होती, पण आमच्याकडे जशा आल्या तशाच त्या दुसऱ्याच्या दावणीला गेल्या असत्या. जनावरात या रोगावर भरवशाचा उपचार नाही. सरकारी मोहिमेतली ब्रुसेलाची लस गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या वासऱ्यांना मिळते, शेळ्यांना नाही. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने त्या कळपातून कायमच्या काढल्या, बाजार दाखवला नाही. ते वर्ष तोट्यात गेलं.

आता नवी शेळी वेगळ्या गोठ्यात राहते आणि दोनदा तपासूनच कळपात येते. लागण झालेल्या आईची पाठ तपासणीत चांगली दिसूनही पहिल्या वेताला गाभडू शकते, म्हणून तशी पाठ आम्ही पैदाशीला ठेवत नाही. बोकड उसना देणं बंद केलं. यावरून गावात बोलणी खाल्ली. भाऊबंदकीत बोकड नाकारणं सोपं नाही. उन्हाळ्यात खतासाठी मेंढपाळ ठेलारी भाऊंच्या मेंढ्या शेतात अजूनही बसवतो, त्यांचं खत सोडवत नाही. पण त्या शिवारात आमच्या शेळ्या नेत नाही, आणि मेंढी गाभडली तर सगळं चुना घालून खोल पुरायचं, हे आमचं त्यांच्याशी ठरलं आहे. आता तेच आधी येऊन सांगतात, "भाऊ, एक मेंढी गाभडनी."

आज कळप 90 चा आहे. प्रत्येक पाठीसोबत तपासणीचा कागद देतो. भाव बाजारापेक्षा थोडा जास्त पडतो; काही गिऱ्हाईक परत जातं, बरंचसं थांबतं. शेळी व्यायला आली की अजूनही आईलाच हाक मारतो. गोठ्याच्या दाराशी खिळ्याला कोपरापर्यंतचे हातमोजे टांगलेले असतात. ते चढवल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही, आम्हालाही टाकू देत नाही.