अ‍ॅपमधली तारीख सोडा, बीज फुटल्याची तारीख धरा

पाळी कधी ३५ दिवसांनी, कधी ७० दिवसांनी, तर कधी गोळ्या घेतल्याशिवाय येतच नाही. अशा वेळी मूल हवं असेल तर मोबाइलमधल्या अ‍ॅपवर विसंबून चान्स घेऊ नका. अ‍ॅप मागच्या तारखांवरून पुढचा अंदाज बांधतं, आणि इथे मागच्या तारखांनाच मेळ नसतो. बीज फुटल्यावर, म्हणजे बीजकोशातून बाहेर पडल्यावर, साधारण १२ ते १६ दिवसांत पाळी येते. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे ६० दिवसांची पाळी असेल तर बीज चौदाव्या दिवशी नाही, ४५व्या दिवसाच्या आसपास फुटलेलं असतं. किंवा फुटलेलंच नसतं, आणि गर्भाशयाचं अस्तर आपोआप गळून गेलेलं असतं. अंगावरून गेलं म्हणजे बीज फुटलं होतं, असं धरून चालू नका.

पाळी अशी असेल तर वर्षभर वाट बघायची गरज नाही, लगेच दाखवा. सुरुवातीला रक्ताच्या दोन तपासण्या: टीएसएच (थायरॉइडची) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक). थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर आधी त्यावर उपचार होतात, कधी तेवढ्यानेच पाळी मार्गी लागते. एफएसएच (बीज वाढवणारं संप्रेरक) आणि एलएच (बीज फोडणारं) पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रोज फोलिक अ‍ॅसिड तेव्हापासूनच.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी याच आठवड्यात. हे आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. चार-पाच महिने बायको गोळ्या घेते, सोनोग्राफीच्या फेऱ्या घालते, आणि मग कळतं की शुक्राणूच कमी आहेत. तो काळ परत मिळत नाही. तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचावा लागतो, त्यामुळे हिंजवडीहून डेक्कनला ट्रॅफिकमधून डबी आणण्यापेक्षा लॅबमध्येच द्यावा.

पाळी आणायच्या गोळ्या घेण्याआधी दर वेळी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, "यंदाही तसंच लांबलं असेल" असं वाटत असलं तरी. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन सहसा १० मिलिग्रॅमची, ५ ते १० दिवस देतात. गोळ्या संपल्यावर आठवडाभरात बहुधा पाळी येते. ती आलीच नाही तर पुन्हा स्वतःहून तीच गोळी आणू नका. वजन फार कमी असणं, अति व्यायाम किंवा बीजकोश लवकर थकणं अशी वेगळी कारणं असू शकतात, आणि त्यांचे उपचारही वेगळे.

पाळीचा पहिला दिवस म्हणजे लाल, पॅड लागेल एवढं अंगावरून जातं तो दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग मोजायचा नाही. इथे चूक झाली की पुढची सगळी मोजणी सरकते.

पीसीओएसमध्ये (बीजकोशात बारीक बीजं अडकून राहतात आणि पाळी लांबते, तो त्रास) बीज वाढवायला आता लेट्रोझोल पहिलं औषध. २.५ मिलिग्रॅमची गोळी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून ५ दिवस, रोज ठरलेल्या वेळी. त्या महिन्यात बीज वाढलं नाही तर पुढच्या वेळी डॉक्टर ५, मग ७.५ करतात. पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख वाचून अनेक जणी घाबरून गोळी बंद करतात. औषध मुळात त्यासाठीच आलं, हे खरं. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. गोळी इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही दिवस खाली आणते, त्यामुळे मेंदूकडून एफएसएच वाढतं आणि बीज वाढू लागतं. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० जणींवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिन या जुन्या गोळीने १९.१ टक्के. क्लोमिफिनने काहींचं अस्तरही पातळ होतं.

फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज किती वाढलं ते बघायच्या सोनोग्राफी, बहुधा दहाव्या दिवसाच्या आसपास सुरू होते. बारावा दिवस रविवारी येत असेल तर सेंटर उघडं आहे का, हे आधीच विचारून ठेवा. कागदावर तीन रकाने बघायचे: उजवी ओव्हरी, डावी ओव्हरी, अस्तर. दहाव्या दिवशी उजवीकडे १२ मिमी, बाराव्याला १५, चौदाव्याला १९, अस्तर ८ मिमी आणि तीन रेघांचं, म्हणजे छान चाललंय. वाढणारं बीज दिवसाला दीड-दोन मिमीने पुढे जातं. सगळी ६-७ मिमीवरच अडकली असतील तर गोळीचा डोस पुरला नाही. ३-४ मोठी दिसली तर डॉक्टर त्या महिन्यात थांबायला सांगू शकतात. जुळ्या-तिळ्यांचा धोका खरा आहे, तेव्हा ऐका.

बीज १८ ते २० मिमीचं झालं की ते फोडायला एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज फुटतं. संबंध त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस. बीज एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, म्हणून थोडं आधी चालतं, उशीर नको. काही इंजेक्शनं फ्रिजमधली असतात, ती बर्फाच्या पिशवीतून आणा, पण थेट बर्फाला टेकवू नका. या दिवसांत कंबर दुखली तर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, त्यांनी बीज फुटणं अडू शकतं. पॅरासिटामॉल चालतं.

घरच्या ओव्ह्युलेशन पट्टीवर पीसीओएसमध्ये फार भरवसा नको. पट्टी एलएच बघते, आणि तेच मुळात जास्त असेल तर रोजच दोन गडद रेघा दिसतात. फुटल्याचा पुरावा सोनोग्राफीत मिळतो, किंवा सात दिवसांनी केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीत: मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज फुटलंय.

गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी या महिन्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिल्या अर्ध्यात घेतली तर बीज फुटणं थांबू शकतं, दुसऱ्या अर्ध्यात घेतली तर दिवस राहिलेत का तेच कळत नाही. पूजा दुसऱ्या कुणी केली तरी गौरी रुसत नाहीत.

पोट टम्म फुगणं, वजन भराभर वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं किंवा एका बाजूला असह्य कळ, यांपैकी काहीही झालं तर रात्रीही दवाखाना गाठा.

प्रेग्नन्सी टेस्ट एचसीजीच्या इंजेक्शननंतर १४ दिवसांनी. त्याआधीची फिकट रेघ इंजेक्शनचीच असू शकते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहिले नसले तरी पाळी लांबते, म्हणून टेस्ट केल्याशिवाय त्या थांबवू नका. बीटा-एचसीजी (प्रेग्नन्सीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करतात, आकडा नीट वाढतोय का बघायला, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, गर्भ पिशवीतच आहे ना हे पाहायला.