तुम्ही विचारलंत म्हणून: ही अवघड नावे मुलांनी पाठ का करायची?

फोंड्यात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे पालक मला नेहमी विचारतात, की डायनासोरांची आणि झाडांची ही ग्रीक-लॅटिन नावे मुलांनी पाठ का करायची. आपल्या भाषेतली नावे काय वाईट आहेत? माझे म्हणणे असे, की ती पाठ करूच नयेत, फोडून वाचावीत. 'ट्रायसेराटॉप्स'मध्ये तीन, शिंग आणि चेहरा असे तीन ग्रीक शब्द आहेत, आणि त्यातले शिंग गेंड्याच्या 'ऱ्हायनोसेरॉस' या नावात नाकाला जोडून पुन्हा भेटते.

आपल्या भाषेतली नावे मुळीच वाईट नाहीत, पण ती गावागणिक बदलतात. कोकमाच्या ज्या फळाला आम्ही भिरंड म्हणतो, तेच सिंधुदुर्गात रातांबा होते. 'गार्सिनिया इंडिका' मात्र सगळीकडे तेच राहते. (हा गार्सिनिया लॉरंट गार्सिन या निसर्गअभ्यासकाच्या नावावरून आला, १५६३ साली गोव्यात औषधींवरचा ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया दा ओर्ताचा त्याच्याशी संबंध नाही.)

माझे आवडते उदाहरण काजूचे. 'अ‍ॅनाकार्डियम' या नावात 'कार्डिया', म्हणजे हृदय, हा ग्रीक शब्द आहे. पण हे नाव आधी काजूचे नव्हतेच, ते हृदयाच्या आकाराच्या बिब्ब्याला वापरले जाई, आणि शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसने ते पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या या झाडाला दिले. बिब्बा 'सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम' झाला: 'सेमेकार्पस' म्हणजे खुणेचे फळ, कारण परीट त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत. काजू, बिब्बा आणि आंबा ही तिन्ही एकाच कुळातली. काजूच्या टरफलातले तेल बोटांना लागले की कातडी सोलवटते, बिब्बा उततो आणि आंब्याचा चीक ओठांवर फोड आणतो, हे गोव्यातल्या पोरांना सांगावे लागत नाही. त्यामागचे नाते कुळाच्या नावावरून कळते.

नाव म्हणजे पुरावा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९२४ साली एका डायनासोराला 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडीचोर, हे नाव पडले, कारण त्याचा सांगाडा दुसऱ्याची समजल्या गेलेल्या अंड्यांजवळ मिळाला होता. ती अंडी त्याच्याच जातकुळीची होती, असे १९९० च्या दशकात दिसून आले. पण आधी दिलेले नाव टिकते असा नियम असल्याने तो कागदोपत्री चोरच राहिला आहे.

आणि आपली भाषा या नावांत नाही असेही नाही. गोव्याचा राज्यप्राणी असलेल्या गव्याच्या 'बॉस गॉरस' या नावात लॅटिन बैलापुढे आपल्याकडचा 'गौर' आहे, तर नर्मदेच्या खोऱ्यातल्या डायनासोराला २००३ साली 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असे नाव मिळाले.