दूध तेच, दप्तर नवं: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका माडीवर आम्ही दोघा भागीदारांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा विकायला एकच गोष्ट होती: गावच्या दूध संस्थेचं दप्तर सांभाळणारा प्रोग्रॅम. कोल्हापूर जिल्ह्याबाहेरच्यांना या दप्तराचा पसारा थोडा सांगावा लागतो. जिल्हा संघ, म्हणजे आपलं गोकुळ, १९६३ चा. त्याच्या खाली गावोगावच्या संस्था, एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन. सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक उत्पादकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दरपत्रकातला दर, आणि दर दहा दिवसांनी बिल. बिलातून पशुखाद्याची उचल, ॲडव्हान्स, शेअरची रक्कम अशा कपाती. सहाशे उत्पादकांची संस्था असेल तर दहा दिवसांत बारा हजार नोंदी होतात, आणि बिलाच्या दिवशी सचिवाला त्यांचा हिशेब दूध गोळा होता होता हवा असतो.

तो पहिला प्रोग्रॅम फॉक्सप्रो २.६ मध्ये लिहिला होता. विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारी, डेटा साठवण्याची आणि हाताळण्याची ही भाषा. फॉक्सप्रोची गंमत अशी की भाषा आणि डेटा वेगळे नव्हतेच. आमच्याकडं जुन्या घरात माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली असायची, तसं. 'यूज' म्हटलं की टेबल उघडलं, 'सीक' म्हटलं की उत्पादकाचा नंबर सापडला, 'रिप्लेस' म्हटलं की लिटर बदललं. मध्ये कोणी नाही, परवानगी नाही, वाट बघणं नाही. आजही त्या वेगाची आठवण काढणारे जुने प्रोग्रॅमर भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. फक्त वीज गेली की इंडेक्स फाईल, म्हणजे नोंद झटकन शोधून देणारी अनुक्रमणिका, बिघडायची, बिलाच्या दिवशी हमखास. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमचा निम्मा दिवस फोनवर 'सगळ्यांना बाहेर काढा आणि रीइंडेक्स करा' हे सांगण्यात जायचा.

फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये विकत घेतलं होतं. मार्च २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ च्या पुढची आवृत्ती निघणार नाही. जानेवारी २०१५ पर्यंत आधार मिळेल, मग संपलं. खरं सांगायचं तर त्या बातमीनं आमच्या धंद्यात काहीच हललं नाही. सचिवाला भाषेचं नाव माहीत नसतं आणि नसावंही. हललं ते विंडोज ७ आल्यानंतर. संस्था नवा संगणक घ्यायची, त्यावर ६४ बिटचं विंडोज असायचं, आणि १६ बिटचा आमचा डॉस प्रोग्रॅम त्यावर उघडायलाच तयार नसायचा. शिवाय डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जुनी खाचही नव्या संगणकाला नसायची. "नवा कॉम्प्युटर घेतला आणि दूध वहीत लिहू काय?" या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

व्हिज्युअल फॉक्सप्रोवर जाणं हा सोपा रस्ता होता. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तोच धरला, आणि त्यांचे प्रोग्रॅम आजही चालतात. आम्ही तो सोडला त्याचं कारण तांत्रिक कमी आणि माणसांचं जास्त होतं. कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना फॉक्सप्रो शिकायचं नव्हतं. सी शार्प, म्हणजे मायक्रोसॉफ्टचीच नवी भाषा, म्हटलं की अर्ज यायचे. ती लिहायचं साधन, व्हिज्युअल स्टुडिओ, त्याची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट होती, डेटा ठेवायचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसही फुकट, आणि २००८ आर२ आवृत्तीत त्याची डेटाबेसची मर्यादा ४ जीबीवरून १० जीबीवर गेली. गावच्या संस्थेला एवढं पिढीभर पुरतं.

सी शार्प शिकायला फार वेळ लागला नाही. लागला तो या गोष्टीची सवय व्हायला, की ही भाषा डेटाला ओळखतच नाही. तिला काही हवं असेल तर आधी कनेक्शन उघडायचं, मग कमांड पाठवायची, उत्तर आलं की वाचून घ्यायचं आणि कनेक्शन बंद करायचं. ते बंद न करता सोडलं तर भाषा आपल्या सवडीनं साफसफाई करते; तोवर शंभर कनेक्शनांचा साठा संपतो आणि पडद्यावर 'टाइमआउट एक्स्पायर्ड' येतं. म्हणून कनेक्शन 'यूझिंग'च्या कंसातच उघडायचं, म्हणजे कंस संपला की ते आपोआप बंद होतं, हा आमच्याकडं पहिल्या दिवशी सांगायचा नियम झाला.

जुनी वळणं हाताला असतात. भागीदारानं बिलाचा भाग फॉक्सप्रोच्या चालीनंच लिहिला: एक उत्पादक घ्या, त्याच्या वीस नोंदी आणा, बेरीज करा, पुढचा घ्या. टेबल शेजारी असताना हे ठीक होतं. आता प्रत्येक फेरी सर्व्हरकडं जाऊन परत येत होती आणि बिल जुन्यापेक्षा रेंगाळत होतं. नुकतीच रुजू झालेली आमची सहकारी म्हणाली, "सर, बेरीज सर्व्हरलाच करू दे की." सर्व्हरला दिलेल्या एका 'ग्रुप बाय' आज्ञेत बारा हजार नोंदींच्या सहाशे बेरजा झाल्या. वयानं लहान माणसाकडून शिकायला भागीदाराला काही वाटलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर दोन दिवस वाद घातला असता.

जुना डेटा नव्या ठिकाणी आणणं हे मात्र खरं काम होतं. फॉक्सप्रोची टेबलं असलेल्या डीबीएफ फाईली वाचून देणारा जोडप्रोग्रॅम, म्हणजे प्रोव्हायडर, फक्त ३२ बिटचा आहे, त्यामुळं रूपांतराचा प्रोग्रॅमही ३२ बिटचाच बांधावा लागतो. नाहीतर प्रोव्हायडर समोर असूनही नोंदलेलाच नाही असं संगणक सांगतो. आत शिरल्यावर तारखा. फॉक्सप्रोत तारीख कोरी ठेवता येते, पण ती या वाटेनं बाहेर काढली की ३० डिसेंबर १८९९ होऊन येते. एका संस्थेच्या यादीत निम्मे सभासद एकोणिसाव्या शतकात दाखल झालेले दिसले. तसली प्रत्येक तारीख 'नल', म्हणजे कोरी, करावी लागली.

मग मराठी नावं. ती जुन्या फॉन्टच्या सांकेतिक क्रमांकांत साठवलेली होती, म्हणजे अक्षर दिसतं तसं. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, म्हणून ती साठवलेलीही आधी, रफार नंतर. अकारविल्हे यादी काढली की किरण, विठ्ठल, शिवाजी सगळे एका ठिकाणी गोळा व्हायचे, कारण तिघांची सुरुवात वेलांटीनं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतांत, आणताना वेलांटी मागं ढकलायची, रफार पुढं आणायचा, जोडाक्षरं पुन्हा बांधायची. आमचं रूपांतराचं कोष्टक अजूनही अधूनमधून वाढतं, कारण प्रत्येक फॉन्टची तऱ्हा निराळी.

एवढं करून पहिल्यांदा साठवलं तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. नावाचा स्तंभ युनिकोड ठेवणारा, 'एनव्हारचार' होता, पण एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेच्या, वाक्यात नाव थेट चिकटवलं होतं आणि त्याआधी ते युनिकोड आहे हे सांगणारा 'एन' नव्हता. याच सुमारास सावंतवाडीकडच्या एका ग्राहकाचा फोन आला: डि'सोझा आडनाव इंग्रजीत टाकलं की प्रोग्रॅम बंद पडतो. नावातल्या अवतरण चिन्हापाशी वाक्य तुटत होतं. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, पॅरामीटर. मूल्य वाक्यात न मिसळता वेगळं पाठवायचं. बाहेरून कोणी वाक्यात घुसवून डेटा उडवण्याचा धोकाही त्यानंच टळतो, पण आम्हाला ते पटलं ते डि'सोझांमुळं.

जुना आणि नवा प्रोग्रॅम काही बिलं शेजारी शेजारी चालवायचा आमचा नियम आहे. त्यात एका सचिव अण्णांनी एक रुपयाचा फरक पकडला, तोही थोड्याच उत्पादकांच्या बिलांत. १२३४ रुपये ५० पैशांचे फॉक्सप्रो १२३५ करत होतं, सी शार्प १२३४. सी शार्पचं साधं 'मॅथ राउंड' बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडं जातं. एसक्यूएल सर्व्हरचं 'राउंड' वर जातं. म्हणजे एकच बिल कुठं मोजलं त्यावर रुपया ठरणार! आता पूर्णांक एकाच ठिकाणी होतो, 'अवे फ्रॉम झिरो' (अर्ध्यावर आलं की वर) असं स्पष्ट सांगून, आणि पैसा, फॅट, एसएनएफ हे सगळं 'डेसिमल' या अचूक दशांश प्रकारामध्येच. रुपया किरकोळ वाटेल. पण दूध संस्थेत सहाशे जण भिंतीवरची यादी वाचतात.

रूपांतराचे पैसे वेगळे घ्यायचे का, यावर आमच्यात बरेच दिवस धुसफूस होती. वार्षिक सभेत 'जुनं चालतंय की' म्हणणारा एक जण असतोच. शेवटी खर्च वार्षिक देखभालीत मुरवला. पहिली दोन-तीन वर्षं तंगीत गेली, पण ग्राहक टिकले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या काही ग्राहकांचे संगणक पाण्याखाली गेले, आणि बॅकअपचे पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होते. तिथून डेटा मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायची मागणी ग्राहकांकडूनच आली. भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्स स्वस्त पडतं; सी शार्पचे प्रोग्रॅम चालवणारं डॉट नेट कोअर २०१६ पासून लिनक्सवर चालतच होतं. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घेतलं. भाषा आणि डेटा आधीच वेगळे झाले होते, त्यामुळं पडद्यांना हात लावावा लागला नाही. बदललं ते मधलं दार, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा भाग. तिथं आज्ञांचे शब्द बदलले: 'टॉप'चं 'लिमिट' झालं, 'इझनल'चं 'कोअ‍ॅलेस'. आधी लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक न करणारा शोध आता फरक करू लागला.

एका अडचणीनं मात्र डोकं खाल्लं. सर्व्हरवरची वेळ युटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत, होती. पहाटे ५ चं संकलन युटीसीत आदल्या रात्रीचं साडेअकरा. सकाळचं दूध काल जमा! आता संकलनाची तारीख वेळेवरून काढत नाही. तारीख आणि सकाळ-संध्याकाळ हे दोन वेगळे स्तंभ आहेत, आणि नोंद कधी झाली ती वेळ फक्त लेखापरीक्षकासाठी.

आमचे थोडे ग्राहक अजून संस्थेतल्याच संगणकावर, एसक्यूएल सर्व्हरवर आहेत. रेंज नसलेल्या डोंगरकपारीच्या गावात तेच बरं, आणि आम्ही त्यांना हलवायच्या मागं लागत नाही. जुन्या डीबीएफ फाईली आम्ही टाकत नाही. जुना वाद निघाला की सचिव त्याच मागतात. ज्यांना यंदा बदलायचं आहे त्यांनी दिवाळीचा फरक, म्हणजे उत्पादकांना दिवाळीला द्यायची दरफरकाची रक्कम, वाटून झाल्यावर कळवावं. मार्चमध्ये आम्ही कोणाचंही रूपांतर हातात घेत नाही.