कोको पाहायला पुत्तूरला: सोलापूरकरांसाठी टिपण

परतताना कोकोचं रोप आणू नका, हे आधीच सांगितलेलं बरं. या झाडाला वर्षाला १,५०० ते २,००० मिलिमीटर पाऊस, दमट हवा आणि डोक्यावर सावली लागते. आपला मे महिना त्याला पहिल्याच वर्षी वाळवेल. जायचं ते बाग कशी राखतात हे पाहायला.

सोलापूरहून विजयपूर गाठावं. तिथून मंगळूरची रेल्वे हुबळी, हासन, सकलेशपूरमार्गे कबक पुत्तूरला, म्हणजे कर्नाटकातल्या पुत्तूरच्या स्थानकावर, थांबते. जवळच विट्टल गाव आहे (पंढरीच्या माणसाला नाव गोड लागेल). तिथे केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेचं केंद्र आहे. कॅम्पको या सहकारी संस्थेचा १९८६ सालचा चॉकलेट कारखाना पुत्तूरलाच. दोन्हीकडे आधी पत्र धाडून परवानगी घ्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाडांवर फळं असतात आणि पाऊस सुरू झालेला नसतो.

इथल्या बागांत सुपारी २.७ बाय २.७ मीटरवर, आणि तिच्या ओळींमधल्या जागेत, एक सोडून एक, कोको. खाली पडलेला पाला कोणी झाडत नाही, कारण त्या कुजक्या पाल्यातच चिलटाएवढे कीटक वाढतात आणि तेच कोकोचं परागीभवन करतात. कीटकनाशक अंदाधुंद फवारलं की फुलं भरपूर, फळं नाहीत. फळ कात्रीनेच काढतात. ओढलं तर खोडावरची फुलांची गादी उचकटते आणि तिथे पुन्हा फळ धरत नाही. पावसाळ्यात फळ काळं पडून कुजतं, त्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारतात. डाळिंबवाल्यांना ते नवं नाही.

आंबवणं मात्र नीट पाहा. फळ लाकडी दांड्याने फोडतात, कोयत्याने नाही. बी चिरली की बुरशी शिरते. गरासकट बिया लाकडी पेटीत केळीच्या पानांखाली सुमारे सहा दिवस, एक दिवसाआड उलथून. आतलं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं. उलथायचं राहिलं तर कडेच्या बिया कच्च्या राहतात. बी कापून पाहा: तपकिरी असेल तर जमलं, पाटीसारखी करडी असेल तर आंबलीच नाही. मग ६-७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवण. थर जाड दिला की बुरशी.

एक दिवस जास्तीचा असेल तर सुळ्यमार्गे कोडगू (कुर्ग). तिथे हजाराहून अधिक देवरकाडू, म्हणजे आपल्या देवराया, गावकऱ्यांनी देवाच्या नावावर राखल्या आहेत. अनेकांच्या कडा कॉफीच्या मळ्यांनी कुरतडल्यात, तेही पाहण्यासारखं आहे. आत जाण्याआधी गावात विचारा, चपला बाहेर काढा, पडलेली काटकीही उचलू नका. वळवाचा पाऊस झालेला असेल तर जळवांसाठी मिठाची पुडी खिशात ठेवा.