घरचं ऑफिस लावताय? आधी भिंतीकडे बघा

माझ्या भाच्याला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली, पण हे साहेब इथे इंदूरमधूनच काम करणार, म्हणून त्याने मला व्हॉट्सॲपवर सामानाची यादी पाठवली. रंगीत लाइटवाला मेकॅनिकल कीबोर्ड, 27 इंची मॉनिटर, हेडफोन, रिंग लाइट आणि टेबलभर पसरतो तो लांबलचक माउसपॅड. खाली एक ओळ, "मावशी तू इतकी वर्षं घरूनच करतेस ना, काही राहिलं असेल तर सांग." राहिलं काय रे बाबा, इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर, वायरिंग आजोबांच्या वेळचं, आणि यादीत ना धड एक्स्टेंशन बोर्ड ना राऊटरचं काही! मग त्याला फोनवर जे ऐकवलं तेच इथे लिहून टाकते, कारण ओळखीत कोणी ना कोणी सारखं हेच विचारत असतं.

माझं म्हणणं एवढंच की खरेदी भिंतीपासून सुरू करायची आणि मग हळूहळू आपल्याकडे सरकत यायचं. आधी सॉकेट, मग राऊटर, मग वायरी, मग स्क्रीन, आणि जे फोटोत छान दिसतं ते सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

आता भिंत. लॅपटॉप चार्जिंगला आहे, बॉडी धातूची आहे, मनगट टेकवलं की झिणझिण होतं, हे जुन्या घरात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. चार्जरच्या आत फिल्टर असतो त्यातून अगदी बारीक करंट बाहेर येत असतो, अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो आणि नसेल तर लॅपटॉपच्या पत्र्यावर बसून राहतो, मग तुम्ही हात लावला की तुमच्यामार्फत जातो. एवढ्याने काही होत नाही, पण घराबद्दल जे कळायचं ते कळतं. जुन्या बोर्डांत तिसरं भोक असतं, मागे वायर मात्र नसते, नुसतं शोभेला. (चार्जरच दोन पिनांचा असेल तर थोडं झिणझिणतंच, तिथे घराला दोष देऊ नका.) वायरमनला बोलवा, तो फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावून बघतो, बल्ब पूर्ण उजेडाने लागला तर ठीक, मिणमिणला किंवा लागलाच नाही तर काम निघालं म्हणून समजा. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवलेली असेल आणि अर्थिंग ठीक असेल तर या टेस्टमध्ये ती पडणारच, घाबरू नका. आणि हे स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, यूट्यूब बघून तर नाहीच नाही.

हे आधी का, तर सर्ज प्रोटेक्टर लिहिलेला महागडा बोर्ड आणला तरी जास्तीचा दाब सोडून द्यायला त्याला अर्थ लागते, ती नसेल तर त्याचं निम्मं काम होतच नाही. आमच्याकडे एक काका तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून वर सर्ज प्रोटेक्टर मिरवायचे, आता काय बोलणार. बोर्ड, वायर, स्विच हे सगळं महाराणी रोडला घ्या, आयएसआय मार्क बघून, आणि त्या बोर्डावर इस्त्री लावायची नाही हे घरातल्या सगळ्यांना एकदा बजावून ठेवा.

मग राऊटर. लाइट गेली तर लॅपटॉपची बॅटरी आहे, त्यामुळे लॅपटॉपची चिंता नको, बंद पडतो तो राऊटर आणि लाइट आल्यावर पुन्हा सुरू होऊन नेट धरेपर्यंत मीटिंग पुढे निघून गेलेली असते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक बटण असतं, एकीकडे इको किंवा नॉर्मल आणि दुसरीकडे यूपीएस, ते यूपीएसवर ठेवा म्हणजे सप्लाय इतक्या पटकन बदलतो की बहुतेक कॉम्प्युटर रीस्टार्ट होत नाहीत. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, हाताएवढा डबा, आत लिथियमचे सेल. तो घेताना राऊटरच्या ॲडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक ठिकाणी 12 व्होल्ट असतं पण 9 व्होल्टवालेही आहेत. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, ॲम्पियर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, मग दोघांनाही बॅकअप लागेल, एकालाच दिला तर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतील आणि नेट शून्य.

ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे त्यांना मोठा यूपीएस लागतोच. 600 व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॅट देतो, फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. लेझर प्रिंटर त्यावर कधी लावू नका, तो गरम होताना इतका खेचतो की यूपीएस ओरडायलाच लागतो.

आता वायरी, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये जाऊन टाइप-सी केबल मागितली की समोरून उत्तर येतं, "ले जाओ भिया, सब एक ही है." टोक सगळ्यांचं एकच, हे खरं. आतलं वेगळं. एखादी केबल नुसती चार्जिंगची असते, एखादी डेटा नेते पण यूएसबी 2.0 च्या वेगाने म्हणजे जास्तीत जास्त 480 एमबीपीएस, एखादी 60 वॅटपर्यंतच पॉवर देते आणि तुमच्या लॅपटॉपला 100 वॅटवाली हवी असते, आणि मॉनिटरला चित्र पोचवणारी परत वेगळी. केबलीचं जे तेच पोर्टाचं. लॅपटॉपला टाइप-सी भोक आहे म्हणून त्यातून मॉनिटर चालेलच असं नाही, पोर्टातून डिस्प्ले बाहेर यायची सोय कंपनीने दिलेली असावी लागते. पोर्टाजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण असेल तर उत्तम, नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशन वाचा आणि मगच कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी सिल्वर मॉलच्या पायऱ्या चढा. एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा डबा म्हणजे हब, त्यावर "4के" लिहिलेलं असतं त्याच्या पुढचा आकडाही बघा, 30 हर्ट्झ असेल तर 4के मॉनिटरवर माउसचा बाण चिकटल्यासारखा सरकतो, 60 हर्ट्झच घ्या.

आणि ही गोष्ट तर दुकानदार हमखास सांगत नाहीत. वायरलेस माउस अडकत अडकत चालतो, बॅटरी बदलली तरी तेच, माउसपॅड बदललं तरी तेच, लोक माउस बदलतात आणि नवाही तसाच वागतो. बऱ्याचदा दोष माउसचा नसतोच. यूएसबी 3.0 च्या पोर्टातून आणि केबलीतून जो रेडिओ गोंगाट निघतो तो 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो आणि माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, तोही तिथेच बोलत असतो. इंटेलने 2012 मध्येच यावर सविस्तर पेपर काढला होता. हबमध्ये हार्ड डिस्कच्या शेजारी डोंगल खुपसला की त्याला काही ऐकूच येत नाही. उपाय अगदी स्वस्त, डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर छोटी यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन त्याला हबपासून जरा लांब आणा.

स्क्रीनकडे येऊ. भाच्याला 27 इंची हवा होता कारण ऑफरमध्ये होता, पण फुल एचडी. 24 इंचात फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण 92 पिक्सेल, 27 इंचात तेच 82 वर येतात. इंग्रजीत एक वेळ चालून जाईल, पण मराठीत काम करणाऱ्याने लक्ष द्यावं, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर बसले की "वर्षं" नीट दिसायला मान पुढे न्यावी लागते. मी दिवसभर भाषांतरं तपासते, मला हा फरक डोळ्यांत जाणवतो. 27 घ्यायचाच तर 2560 बाय 1440 वाला घ्या, तिथे 109 च्या आसपास पिक्सेल मिळतात, नाहीतर चांगला आयपीएस पॅनेलचा 24 इंची घ्या आणि खूश राहा. मागे वेसाची (स्टँड-आर्म बसवायची ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत का तेही बघून घ्या, 75 किंवा 100 मिलिमीटरची, पुढे कधी आर्म बसवायचा झाला तर उपयोगी पडतात.

उंचीचं मात्र कोणतंही दुकान तुम्हाला सांगणार नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. लॅपटॉप तेवढा उचलला की कीबोर्ड हाताबाहेर जातो, म्हणून स्टँडबरोबर वेगळा कीबोर्ड-माउस आलाच, नुसता स्टँड घेणं म्हणजे मान वाचवून खांदे घालवणं. माझ्याकडे स्टँडही नाही, जुने दिवाळी अंक रचून ठेवलेत, जाड असतात, जागेवरून हलत नाहीत. टेबल साधारण 30 इंची येतात आणि माझ्यासारख्या पाच फुटी बाईला ते उंच पडतात, खुर्ची वर घेतली की कोपर जागेवर येतं पण पाय लटकतात, मग मांड्यांच्या मागे रग लागते. पायाखाली जेवायचा पाट घ्या. खरंच सांगते, ऑनलाइन फुटरेस्टचे जे पैसे घेतात ते बघून हसू येतं. खुर्ची स्वतः बसून बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि मांडी घालून बसायची सवय असेल तर हात बाजूला होणारीच घ्या.

कीबोर्डवर मी भांडत नाही, आवडेल तो घ्या, फक्त रात्री मेकॅनिकल कीबोर्डची खडखड भिंतीपलीकडे जाते आणि तिकडे आजी झोपलेली असते. मराठी टाइप करणार असाल तर महागड्या कीबोर्डाआधी इनस्क्रिप्ट शिका, 1986 मध्ये सरकारने ठरवलेला लेआउट आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, विंडोज आणि लिनक्स दोन्हीत असतोच. "दुसऱ्या"मधला ऱ काढायला कसरत करावी लागत नाही, शिफ्ट आणि जे, झालं.

हेडफोनबद्दल मोठा गैरसमज आहे. एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय, लिहिलेलं असतं ते तुमच्या कानांसाठी. भाच्याने मित्राचे मागून आणले, मीटिंगमध्ये त्याला कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत, पुण्याच्या सगळ्या टीमला आल्या. समोरच्याला शांतता हवी असेल तर माइकचं नॉइज कॅन्सलेशन बघा, ते वेगळं असतं. आणि साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये माइक चालू झाला की आवाजाची क्वालिटी धाडकन पडते, ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं म्हणून. ऑफिससाठी तोंडाजवळ माइकची दांडी असलेला वायरवाला यूएसबी हेडसेट घ्या, दिसतो कॉल सेंटरसारखा पण सकाळी कचरा गाडीचं गाणं दारात वाजत असलं तरी तुमचं बोलणं पोचतं.

रिंग लाइट नको, खिडकीकडे तोंड करून बसा. वेबकॅम लॅपटॉपचाच आधी महिनाभर वापरून बघा.

आणि हे सगळं लावून झालं की ड्रॉवरमधल्या जुन्या केबली, मेलेले माउस, फुगलेल्या बॅटऱ्या बाहेर काढा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, वेगळी द्या आणि कचरा गाडीवाल्याला सांगून द्या. बाकीचं ई-कचऱ्याच्या कप्प्यात, आपल्या इंदूरच्या गाडीला तो वेगळा असतो, ओल्या-सुक्यात टाकलंत तर गाडीवाला परत हातात देईल.