बागेतली खोली: पाडायची की दुरुस्त करायची?

आमच्या बागेतल्या त्या पडक्या खोलीवरून आज नगरसेवक, अभियंते आणि आम्ही रहिवासी कडुलिंबाखाली उभ्याउभ्याच भांडलो. स्लॅबचं प्लास्टर सुटलंय, गंजक्या सळया बाहेर आल्यात, इथवर सगळ्यांचं एकमत. पण 'नवीन दुमजली इमारत' हा प्रस्ताव निघाला आणि ज्येष्ठांचा कट्टा उसळला.

माझं मत सांगते. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. वरून कितीही गिलावा मारा, तो पुन्हा पडणारच. म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी. खांब ठणठणीत निघाले तर नुसता स्लॅब बदला. नाही निघाले तर खुशाल पाडा, पण आहे त्याच जोत्यावर एकमजलीच बांधा. मजला वाढला की पाया वाढणार आणि कडुलिंब जाणार. झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि ५० वर्षांपुढचं झाड तर २०२१ च्या दुरुस्तीपासून हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष. तपोवनातली झाडं तोडण्यावरून एवढं रान उठल्यावरही नाशकात हे सांगावं लागतं!

सगळ्यात मुद्द्याचं बोलल्या त्या बाग झाडणाऱ्या मावशी. "साहेब, बायकांचा संडास कुठंय तुमच्या नकाशात?"

नव्हताच. साहेबांनी मुकाट्याने वहीत टिपून घेतलं.

आता सुधारित अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निविदा. तोवर निदान दाराला पत्रा ठोका हो, पोरं चेंडू शोधायला तिथंच शिरतात.