हाउसकीपिंगच्या खात्यातली बाई

जुलै म्हणजे आम्हा कर सल्लागारांना विवरणपत्रं भरायच्या 31 तारखेपलीकडे काही दिसत नाही. 2024 च्या त्या गर्दीत शृंगारतळीच्या माझ्या ऑफिसात एक बाई हाताला प्लास्टर घालून आल्या. चेहरा अनोळखी, नाव मात्र पाठ. तीन वर्षं मीच ते टाइप करत होतो: 'हाउसकीपिंग मजुरी, दरमहा 4,500.'

गुहागरच्या एका होमस्टेचे हिशेब माझ्याकडे असतात. महिन्याला सहीचं व्हाउचर यायचं, मी खर्चात धरायचो. त्या दिवशी कळलं, या बाईंनी तिथली एक खोलीही कधी झाडली नव्हती. दुपारी तीन ते सात मालकांचं बाळ सांभाळायच्या. बाळाला कडेवर घेऊन मागच्या दाराने उतरताना चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरल्या. बाळाला ओरखडाही नाही. यांचं मनगट मोडलं.

"भाऊ, दीड महिना घरी बसायचंय. पगार मिळंल काय? वहिनी बोलल्या हिशेब तुमच्याकडं."

संध्याकाळी मालकांचा फोन. "तिचं नाव काढून टाका. ती घरची बाई, धंद्याची नव्हे."

तीन वर्षांत पहिल्यांदा ते खरं बोलत होते, आणि नेमकं तेच मला लागलं.

घरचं मूल सांभाळण्याचा पगार हा घरखर्च. धंद्याच्या नफ्यातून तो वजा होत नाही. बाकी खरं लिहिण्यात अडचण कसलीच नव्हती. एवढ्या पगारावर टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापायचा कर, नाही. बायकांना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर एप्रिल 2023 पासून नाही, त्याआधीही 10,000 पर्यंत नव्हता. नोकरीच्या पगाराला जीएसटीचा संबंधच नाही. वर्षाच्या 54,000 रुपयांवरचा कर वाचवायला हे सगळं केलेलं, आणि मी एकदाही विचारलं नाही की चार खोल्यांना हाउसकीपिंगच्या तीन बायका कशाला.

कराची चूक निस्तरता येते. चालू विवरणपत्र भरायचं होतं, त्यातून खर्च काढला. मागच्या दोन वर्षांची अद्ययावत, म्हणजे जुनी चूक सुधारून नव्याने भरायची, विवरणपत्रं भरायला लावली: एका वर्षाला कर-व्याजावर 25 टक्के जादा, त्याआधीच्या वर्षाला 50. मालक कुरकुरले, पण भरले.

खरा पेच बाईंचा होता. कामावर दुखापत झाली तर तेव्हा लागू असलेला 1923 चा भरपाई कायदा उपचाराचा खर्च देववायचा आणि तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के. पण तो धरून चालायचा कामगार धंद्यातला. घरात चार तास मूल सांभाळणाऱ्या बाईला त्याच्या आधाराने उभं राहणं फार कठीण होतं. म्हणजे माझ्या हिशेबातलं खोटं हाच तिच्या हातातला एकमेव कागद, आणि हिशेब खरा केला की तोही गेला. आपल्याकडे घराघरांत पोरं वाढतात ती अशा बायकांच्या हातांवर, आणि त्या हातांसाठी कायद्याने एवढीशीच जागा ठेवलीय.

मी मालकांना सांगितलं, जुनी व्हाउचरं फाडली जाणार नाहीत. सहीच्या कागदांना मी हात लावत नाही. बाईंना या ऑफिसात बसवून दोन्ही बाजू समजावल्या, व्हाउचरांच्या झेरॉक्स दिल्या. शेवटी मालकांनी चिपळूणच्या प्लास्टरचं बिल आणि सहा आठवड्यांचा पगार दिला. तो घरखात्यातून, 'बालसंगोपन' असं लिहून. बाईंची ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करून दिली, आणि 2008 च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार मंडळाचा अर्जही भरला.

अर्जात कामाचं स्वरूप लिहिताना बाईंनी विचारलं, "मग भाऊ, मी हॉटेलाकडं होते का घराकडं?"

मी 'घरकाम' लिहिलं. त्यांच्या झेरॉक्सवर अजून 'हाउसकीपिंग' आहे. ते कागद घरी जपून ठेवा, असं त्यांना मीच सांगितलंय.